तुम्ही विचारलंत म्हणून: मी ऑफिसातली खुर्ची का घेत नाही

एकोणीस वर्षं झाली, अजून बांधकामाच्या साइटवरच का? डिझाइनला जा, प्लॅनिंगला जा, एसीत बस, आता वय आहे का उन्हात उभं राहायचं. नातेवाईक विचारतात, बॅचचे विचारतात, ज्युनियर पोरं तर कीव केल्यासारखं विचारतात. आणि त्याच्या शेपटीला दुसरा प्रश्न असतोच, मुळात सिव्हिल घेतलंच कशाला.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते कारण ते छोटं आहे. कॉम्प्युटरला मार्क कमी पडले. बास. पहिल्या इंटरव्ह्यूला मात्र मी असं ठोकून दिलं होतं की मला लहानपणापासून काहीतरी उभं करायची ओढ आहे, माझ्यामागे शंभर वर्षं टिकेल असं काहीतरी सोडून जायचंय वगैरे. ते ऐकून समोरचा हसला होता. तेव्हा राग आला होता, आता कुणी फ्रेशर असं बोलला की मीही हसते. तरी ते निव्वळ खोटं होतं असंही नाही बरं का, पहिल्यांदा फूटिंगच्या, म्हणजे पायाच्या खड्ड्यात उतरले तेव्हा मजा आलीच होती. म्हणजे ओढ आधी नव्हती, नंतर लागली, आणि मी ती मागच्या तारखेने लावली, एवढंच.

आता पहिला प्रश्न.

नोकरीचं तिसरं वर्ष. एका स्लॅबला 1.2 मीटर बाहेर आलेली बाल्कनी होती, कॅन्टिलिव्हर, म्हणजे एकाच बाजूने धरलेली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, साध्या स्लॅबला मुख्य स्टील खाली लागतं, कॅन्टिलिव्हरला वर, कारण टोक खाली झुकायला बघतं तेव्हा ताण वरच्या बाजूला येतो. वरची जाळी वरच राहावी म्हणून तिच्याखाली वाकवलेल्या सळईचे तुकडे ठेवतात, त्यांना चेअर म्हणतात. हो, खुर्च्याच.

आदल्या संध्याकाळी मी टेप घेऊन चेक केलं. सळया जागेवर होत्या, पण चेअर फारच लांब लांब. सळया बांधणारे फिटरकाका स्वतःच म्हणाले, "मॅडम, चेअर कमी पडतायत, सकाळी तुकडे कापून बनवतो." मी बरं म्हटलं आणि पोअर कार्डवर, म्हणजे काँक्रीट ओतायच्या परवानगीवर, सही करून टाकली, कारण पंप सकाळी आठचा बुक होता, सिनियर दोनदा फोन करून गेला होता, आणि खरं सांगायचं तर मला घरी जायचं होतं.

सकाळी चेअर आल्या नाहीत. म्हणजे थोड्या आल्या. मी पहिल्या गाडीचा स्लम्प, म्हणजे काँक्रीट किती पातळ आहे ते, बघत खाली होते, वर आले तेव्हा पंपाचा पाइप ओढणारी दोघं नेमकी बाल्कनीच्या जाळीवर उभी. मी ओरडले, ते बाजूला झाले, एकाने हूक घालून दोन-चार सळया वर ओढल्या, तेवढ्यात काँक्रीट येऊन पडलं आणि सगळं झाकलं गेलं. मी बघितलं होतं. काँक्रीट थांबवा म्हणाले नाही.

सात दिवसांचे क्यूब, म्हणजे काँक्रीटची ताकद तपासायचे ठोकळे, मस्त आले. 28 चेही पुढे मस्तच आले, काँक्रीटचा दोष नव्हताच. 21 व्या दिवशी टेके काढले, टोकाकडून आत, अगदी नियमाप्रमाणे. दुसऱ्या दिवशी बीमच्या कडेने वरच्या बाजूला केसाएवढी सरळ रेघ. मिस्त्रीने काही न बोलता रेघ जिथे संपते तिथे पेन्सिलने खूण केली आणि बाजूला तारीख लिहिली. संध्याकाळी रेघ खुणेच्या चार बोटं पुढे. उंची मोजायची ऑटो लेव्हल लावली तर टोक 14 मिमी खाली. टेके परत मारले. सळई किती खोल आहे ते दाखवणारा कव्हर मीटर फिरवला तर वरून 20 मिमीवर हवी असलेली सळई 60 वर. स्लॅब 150 चा, सळई 10 ची, म्हणजे 125 ची कामाची खोली (स्लॅबच्या तळापासून सळईच्या मध्यापर्यंतची) राहिली होती 85, ताकद साधारण दोन तृतीयांश. 40 मिमी, म्हणजे एका बुटाचा दाब. बाल्कनी तोडली. कुणालाही लागलं नाही.

इथपर्यंत मी हे बऱ्याच जणांना सांगितलंय. पुढचं नाही सांगितलं.

मीटिंगमध्ये विचारलं की असं झालं कसं. मी म्हणाले, फिटिंगवाल्यांनी चेअर लावल्या नाहीत आणि लेबरने तुडवलं. दोन्ही वाक्यं खरीच होती. फिटरकाकांना त्याच आठवड्यात काढलं. ते शेडमधून वाकवायची चावी आणि हूक घेऊन निघाले तेव्हा मी रजिस्टर भरत होते, आणि भरतच राहिले. तुम्हाला काल सांगितलं होतं ना मॅडम, असं ते म्हणाले असते तर बरं झालं असतं. काहीच म्हणाले नाहीत.

मग पुढे बरीच वर्षं मी 'साइटवरच का'ला उत्तर म्हणून कॅनडातल्या क्यूबेकच्या पुलाची गोष्ट सांगायचे. 1907 ला बांधता बांधता कोसळला, 75 माणसं गेली. साइटवरच्या तरुण इंजिनिअरने पुलाचे खालचे मेंबर, म्हणजे भार पेलणारे लोखंडी भाग, वाकतायत हे मोजून कळवलं होतं, पण मुख्य सल्लागार बसायचा न्यूयॉर्कला. शेवटी तो पोरगा स्वतः तिकडे गेला. आणखी भार टाकू नका अशी तार निघाली, पण ती साइटला नाही, पूल बांधणाऱ्या कंपनीच्या ऑफिसला गेली आणि त्याच संध्याकाळी पूल पडला. बघा, म्हणून साइटवर माणूस लागतो, असं मी म्हणायचे. ऐकायला भारी वाटतं. फक्त त्या गोष्टीत मी स्वतःला त्या पोराच्या जागी ठेवत होते, आणि त्याने निदान कळवलं तरी होतं.

मग प्रायश्चित्त म्हणून राहिलीस का, असं नवऱ्याने एकदा विचारलं. नाही हो. एवढी थोर मी नाही. प्रायश्चित्त करायचं तर फिटरकाकांना शोधलं असतं. मला वाटतं भीती आहे. ऑफिसात बसले तर दुसऱ्या कुणाच्या तरी सहीवर विश्वास ठेवावा लागेल, आणि सही कशी होते ते मला माहितीय. पण हेही पूर्ण खरं नाही, कारण डीशटरिंगनंतर, म्हणजे साचा काढल्यावर, बीमची धार स्वच्छ निघाली, कुठे हनीकोंब, म्हणजे काँक्रीटमधली पोकळ भोकं नाहीत, की मला अजून पोरासारखा आनंद होतो, आणि भीतीने राहणारा माणूस असा खूश होत नसतो. पगार बॅचच्या आयटीवाल्यांपेक्षा कमी आहे, सुट्टीच्या दिवशी स्लॅब असतो, पाठ गेलीय. ते तुम्हाला माहीतच आहे.

मुलाला सिव्हिल घेऊ देऊ का, हे विचारणाऱ्यांना मी आता काहीच सांगत नाही. एकदा पोअरच्या आदल्या संध्याकाळी त्याला माझ्याकडे पाठवा, म्हणते. चेअर मोजायला मदत होईल. लेबर मला पाठीमागे खुर्चीवाली म्हणतात, ते मला बरेच दिवस माहीत नव्हतं.