दुसरी सही आणि ६० दिवस

इंग्लंडमधली माझी पहिली नोकरी २०२३ साली गेली. सोलापुरात ही बातमी माझ्या आधी पोचली. अशोक चौकातल्या मावशीकडे ‘तिच्या हातून पेशंटला चुकीचं औषध गेलं’ अशी, जुळे सोलापुरातल्या वहिनींकडे ‘एजंटानं खोटा व्हिसा दिला होता’ अशी. आमच्या गल्लीत मात्र ‘भांडली असेल, आवाजच तसा आहे तिचा’ असं चाललं होतं, आणि त्यातल्या त्यात खऱ्याच्या जवळ तेच होतं.

सध्या रजेवर घरी आलेय. जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा झालेल्या, ओईटी या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या मुली येतात. अक्का, पगार किती, थंडी किती, जेवणाचं काय करता. कडक भाकरी आणि शेंगाचटणी किती दिवस टिकते, इथपर्यंत विचारून होतं. नोकरीच गेली तर पुढं काय, हे अजून एकीनंही विचारलेलं नाही. एजंट तर सांगणारच नाही. म्हणून लिहितेय. जागेचं नाव घेणार नाही, कंपनीशी शेवटी झालेल्या समझोत्यात तसं कलम आहे.

ते एक नर्सिंग होम होतं, म्हणजे वयस्कर लोकांना कायमचं ठेवून घेऊन त्यांची शुश्रूषा करतात तशी जागा. रात्रपाळीला दोन मजल्यांवर दोन नर्स. ऑक्सिकोडोनसारखी तीव्र वेदनाशामक औषधं कुलपाच्या कपाटात, आणि त्यांचं वेगळं जाड रजिस्टर. प्रत्येक डोसला तारीख, वेळ, पेशंटचं नाव, किती दिलं, किती उरलं, देणाऱ्याची सही आणि शेजारी पाहणाऱ्याची सही. दुसरी सही करणाऱ्यानं डोस मोजताना आणि देताना स्वतः हजर असायचं, हा तिथला नियम.

एका सकाळी हँडओव्हरच्या वेळी माझ्या वरच्या बाईंनी रजिस्टर उघडून पुढ्यात ठेवलं. रात्री दहाच्या डोससमोर दुसऱ्या सहीचा रकाना कोरा होता. ‘इथं सही कर, राहून गेलीय.’ रात्री दहाला मी वरच्या मजल्यावर होते. मी म्हटलं, मी पाहिलेलं नाही, सही करणार नाही. त्या म्हणाल्या, औषध दिलंय, शिल्लक बरोबर आहे, फक्त सही हवी. आपल्याकडच्या वॉर्डात ‘सिस्टर, इथं जरा सही करा’ म्हटलं की आपण पेन काढतो, हे खोटं कशाला बोला. पण तिथं नोंदणी घेताना एनएमसीची, म्हणजे नर्सेसची नोंदणी करणाऱ्या तिथल्या संस्थेची, जी आचारसंहिता घोकून घेतात, तिच्यात न घडलेलं लिहू नका आणि पेशंटला धोका दिसला तर बोला, या दोन्ही गोष्टी स्पष्ट आहेत. मी पुन्हा नाही म्हटलं. आवाज चढला, हे कबूल. आमच्या घरात चहा मागितला तरी शेजाऱ्यांना भांडण वाटतं.

घरी जाऊन झोपण्याआधी मॅनेजरना ईमेल केली. काय घडलं, किती वाजता, रजिस्टरचं कुठलं पान. चारच ओळी. तो मंगळवार होता. माझ्याविरुद्धची पहिली तक्रार शुक्रवारी नोंदवली गेली: सहकाऱ्यांशी आक्रमक वागणं, ओरडणं, संघभावना नसणं. आधी पगारी निलंबन, मग चौकशी, मग शिस्तभंगाची सुनावणी, आणि शेवटी ‘गंभीर गैरवर्तन’ असं लिहिलेलं पत्र. गंभीर गैरवर्तन म्हटलं की नोटीस नाही आणि नोटिशीचा पगारही नाही. औषधाचा त्या पत्रात उल्लेखसुद्धा नव्हता. अपील केलं, ते त्याच कंपनीच्या दुसऱ्या साहेबांनी फेटाळलं.

अण्णांना फोन केला. अण्णा गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर थकलेल्या पैशांसाठी युनियनच्या लोकांबरोबर वर्षानुवर्षं कोर्टाच्या फेऱ्या मारलेला माणूस. ‘कागदावर दिलंय का?’ हा त्यांचा पहिला प्रश्न. दुसरा, ‘युनियनमध्ये आहेस ना?’ होते, पण ती माझी हुशारी नव्हे. केरळच्या एका चेचीनं, म्हणजे ताईनं, पहिल्याच पगारात आरसीएन या नर्सेसच्या युनियनचं सभासद करून टाकलं होतं. केरळच्या मुली हे सगळं आधी शिकून येतात, आपल्या मुली विमानात बसेपर्यंत एजंटाच्या व्हॉट्सॲपवर विसंबलेल्या. आणि सभासद होण्याआधीच सुरू झालेलं प्रकरण युनियन सहसा हातात घेत नाही. म्हणजे भांडण झाल्यावर पावती फाडून उपयोग नाही. शिस्तभंगाच्या सुनावणीला युनियनचा माणूस किंवा सहकारी बरोबर नेण्याचा हक्क कायद्यानंच आहे. माझ्याबरोबर आलेल्या प्रतिनिधी बाई फारशा बोलल्या नाहीत, पण समोरचे जपून बोलायला लागले.

त्या बाईंनीच मला सगळ्यात मोठ्या भीतीतून सोडवलं. ‘तुझं नाव एनएमसीकडे पाठवू’ असं मला ऐकवलं होतं. पिन म्हणजे एनएमसीचा नोंदणी क्रमांक; तो गेला तर त्या देशात नर्स म्हणून काही उरत नाही. त्या म्हणाल्या, मालक तक्रार करू शकतो, पिन काढू शकत नाही. तो अधिकार एनएमसीचा, आणि तिथं तुझं म्हणणं ऐकल्याशिवाय निकाल होत नाही. त्या रात्री मी पोटभर जेवले.

आता कायद्याचं. मी सांगतेय ते २०२३ मधलं; जाल तेव्हाचा नियम तपासून घ्या. अन्यायानं काढलं म्हणून साधा दावा करायचा तर त्या जागी दोन वर्षं नोकरी झालेली हवी. माझी झाली नव्हती, आणि परदेशातून आलेल्या बहुतेक मुली अशा वेळी इथंच हात टेकतात. पण गैरप्रकार उघड केला म्हणून काढलं असेल, किंवा वंश, धर्म, गरोदरपण यांवरून भेदभाव झाला असेल, तर दोन वर्षांची अट नाही, पहिल्या दिवसापासून दावा करता येतो. माझी मंगळवारची ईमेल इथं कामाला आली. दावा दाखल करायची मुदत तीन महिन्यांना एक दिवस कमी. त्याआधी एकॅस या सरकारी संस्थेकडे समेटासाठी नोंद करावीच लागते, ती फुकट. दावा जिथं चालतो त्या ट्रायब्युनललाही, म्हणजे नोकरीच्या तंट्यांच्या कोर्टालाही, फी नाही. ती होती, पण २०१७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं बेकायदा ठरवली. तो खटला युनिसन या युनियननं लढवला होता. अण्णांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी ते दोनदा सांगायला लावलं.

एवढं सगळं आपल्या बाजूचं, मग अडचण कुठं? व्हिसात. नोकरी गेली की मालकानं दहा कामकाजी दिवसांत होम ऑफिसला, म्हणजे तिथल्या गृहखात्याला, कळवायचं असतं. मग पत्र येतं, आणि त्या पत्रापासून साधारण ६० दिवस मिळतात: नवा प्रायोजक, म्हणजे व्हिसासाठी आपल्याला नोकरीवर घेणारा मालक, शोधा, व्हिसाचा नवा अर्ज करा, नाहीतर देश सोडा. ट्रायब्युनलची सुनावणी लागते एकदोन वर्षांनी. हक्क आहे, पण तो बजावायला त्या देशात राहता यायला हवं. पेटीत कपडे भरता भरता दावा लढणं किती जणींना जमेल? मला वाटतं, काही मालक नेमका याच गणितावर निर्धास्त असतात.

त्या काळात मी चेचीच्या घरातल्या अगदी छोट्या खोलीत राहिले. व्हिसावर ‘सरकारी मदत नाही’ असं छापलेलंच होतं. नव्या मालकाकडचा व्हिसा मंजूर होईपर्यंत कामही सुरू करता येत नाही. इकडं सोनं गहाण ठेवून काढलेल्या कर्जाचे हप्ते चालू. निघताना गल्लीनं सत्कार केला होता. एका पुढाऱ्यांनी भाषणात डॉ. कोटणीसांशी तुलना केली. कोटणीस १९३८ साली चीनला जखमी सैनिकांची सेवा करायला गेले. मी आईच्या पाटल्या सोडवायला निघाले होते. असो.

मुलाखतीत प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न: आधीची नोकरी का सोडली? मी खरं सांगत गेले. दोन ठिकाणी चेहरे बदलले. तिसऱ्या ठिकाणी, एका सरकारी हॉस्पिटलात, मुलाखत घेणाऱ्या मेट्रननी रजिस्टरचा प्रसंग नीट ऐकून घेतला आणि विचारलं, ‘मग ती शिल्लक कुणी तपासली?’ नोकरी तिथंच मिळाली.

दाव्याचं काय झालं? माझ्याबद्दल कंपनीकडे जे जे कागद आणि ईमेल आहेत त्यांची प्रत मागितली. तो हक्क तिथं प्रत्येकाला आहे, आणि साधारण एका महिन्यात द्यावं लागतं. गठ्ठ्यात माझी मंगळवारची ईमेल होती, तीच बुधवारी पुढं पाठवलेली होती, आणि वर एक ओळ: हिच्याबद्दल काहीतरी ठरवावं लागेल. शुक्रवारच्या तक्रारीच्या आधी. युनियनच्या वकिलांनी ते पान एकॅसच्या माणसाकडे पाठवल्यावर कंपनीची भाषा आठवड्याभरात मऊ झाली. समझोता झाला: नोटिशीचा पगार, वर काही रक्कम, आणि साधं, स्वच्छ संदर्भपत्र. माफी नाही. रजिस्टरच्या त्या ओळीचं पुढं काय झालं ते मला कळलं नाही. दावा शेवटपर्यंत न्यायला हवा होता, असं काही मैत्रिणी म्हणतात. त्यांचे व्हिसे पक्के आहेत.

एक गोष्ट राहिली, भरतीच्या खर्चाची. माझ्या शेवटच्या पगारातून विमानाचं तिकीट आणि परीक्षेची फी कापून घेतली होती, कारण ‘ठरावीक मुदतीआधी नोकरी संपल्यास खर्च परत’ असं करारात मीच सही करून दिलेलं होतं. मालकानं काढलं तरी खर्च माझा! अशी कलमं पारदर्शक आणि प्रमाणात असावीत, असं तिथल्या सरकारच्या भरतीविषयक आचारसंहितेत आहे. त्यावर बोट ठेवून समझोत्यात अर्धे पैसे परत मिळाले. तेव्हा करार हातात आला असेल तर ते पान आधी काढा. नोकरी ‘सोडल्यास’ लिहिलंय की ‘संपल्यास’, दर महिन्याला रक्कम कमी होत जाते का, हे बघा. कळत नसेल तर गड्ड्याची जत्रा उठेपर्यंत मी सोलापुरातच आहे. सही करण्याआधी घेऊन या, दुपारची वेळ सोडून. तेव्हा अण्णा झोपलेले असतात.