तुम्ही विचारलंत म्हणून: पट, कोयता आणि चिटबॉय

‘आंतरराष्ट्रीय बालसंस्थेत शिक्षण अधिकारी’ असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: म्हणजे तुम्ही नक्की करता काय? वह्या-दप्तरं वाटता, की शाळा चालवता? काही जण तर जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी समजून मेहुण्याच्या बदलीचा कागदच पुढे करतात. तर आधी हे स्पष्ट करायला हवं की या पदाला कसलाही हुकूम काढता येत नाही. शाळा सरकारची, शिक्षक सरकारचे, सही गटशिक्षणाधिकाऱ्यांची. आपल्याकडे याद्या, तारखा आणि पाठपुरावा. वह्यावाटप वर्षातून दोन दिवस. बाकीचे दिवस कुठे जातात, ते बीडच्या ऊसतोड पट्ट्यावरून नीट कळेल.

मुळात घोळ तारखेचा आहे. शाळेचा पट (नाव नोंदलेली मुलं) धरला जातो 30 सप्टेंबरचा. त्यावर संचमान्यता, म्हणजे शिक्षक किती मिळणार ते ठरतं. आणि कोयते, म्हणजे ऊसतोडीला जाणारी जोडपी, गाव सोडतात बहुतेक वर्षी त्यानंतर, दसरा-दिवाळीच्या आगेमागे. त्यामुळे कागदावर वर्ग भरलेला आणि नोव्हेंबरात बाकं रिकामी. मुख्याध्यापक लबाडच असतात असं नाही. नाव कमी केलं की पट घसरतो, पट घसरला की शिक्षक अतिरिक्त ठरतो, मग उरलेल्या मुलांनाही दोन वर्ग एकत्र बसावं लागतं. म्हणून गैरहजेरी दिसत असून लिहिली जात नाही. सलग महिनाभर न आलेलं मूल खरं तर शाळाबाह्य धरायचं असतं. हे न समजता शाळेत जाऊन हजेरीपटावर बोट ठेवलं की पुढच्या वेळी चहासुद्धा मिळत नाही.

म्हणून काम जुलैत सुरू करायचं. तोवर बऱ्याच घरांत मुकादमाची, म्हणजे तोडणीची टोळी नेणाऱ्या ठेकेदाराची, उचल (आगाऊ रक्कम) आलेली असते आणि कोण जाणार हे गावाला माहीत असतं. घरोघर यादी करताना ‘मुलाला नेणार का?’ असं कधीच विचारू नये. उत्तर ‘नाही’च येतं, कारण समोर वही घेऊन बसलेल्या माणसाला काय ऐकायचंय ते सगळ्यांना कळतं. विचारायचं असं: तुम्ही गेल्यावर म्हातारीजवळ कोण कोण राहणार? शेळ्या कोण बघणार? धाकटं किती वर्षांचं आहे, त्याला कोण घेणार? मुकादम कोण, मागच्या साली कारखाना कुठला होता? या चार उत्तरांत कोणतं मूल जाणार ते कळतं. यादीत धाकट्या भावंडाचं वय हा रकाना नसेल तर यादी अर्धवट आहे.

कारण दहा-बारा वर्षांची मुलगी ऊस तोडायला जात नाही, धाकट्याला सांभाळायला जाते. नवरा-बायको मिळून एक कोयता, मजुरी टनावर, पहाटेच फडात. कोपीवर (तात्पुरत्या झोपडीत) पाणी, भाकरी आणि रांगतं पोर तिच्याकडे. तीन वर्षांवरचं पोर गावच्या अंगणवाडीत आणि आजीकडे राहू शकतं. त्याहून लहान असेल तर ते आईबरोबर जाणार आणि त्याच्यामागे बहीण जाणार. अशा घरी मुलीच्या शिक्षणाचं महत्त्व समजावत बसणं निव्वळ वेळ घालवणं आहे. तिथे कारखान्याशी बोलून टोळीच्या अड्ड्यावर पाळणाघर उभं राहतंय का, हे बघायचं. अहवालात ते ‘शिक्षण’ या सदरात बसत नाही. त्यावरून मुख्यालयाशी दरवर्षी वाद होतो.

जी मुलं मागे राहू शकतात, त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृह. नावावरून इमारत डोळ्यासमोर येते. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी मुलं आजी-आजोबांकडेच झोपतात आणि सकाळ-संध्याकाळचं जेवण शाळेत. दुपारी पोषण आहार असतोच: प्राथमिकला माणशी 100 ग्रॅम धान्य, उच्च प्राथमिकला 150. उरलेल्या दोन वेळांना मिळून मुलामागे 250 ग्रॅम धरलं तर 40 मुलांना दिवसाला 10 किलो, महिन्याला तीन क्विंटल. हा हिशोब प्रस्तावाआधी किराणा दुकानदाराला दाखवायचा, कारण निधी उशिरा येतो हे गृहीतच धरायचं असतं. पहिले दोन महिने उधारीवर निघणार हे त्याला आधी माहीत असेल, तर डिसेंबरात डाळ पातळ होत नाही.

वसतिगृह चालवते शाळा व्यवस्थापन समिती. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला हव्यात. कायदा चांगला आहे, पण ऊसतोडीच्या गावात हे पालक स्वतःच कोयता घेऊन निघतात. बँक खात्यावर अध्यक्ष आणि मुख्याध्यापक अशा दोघांच्या सह्या लागतात. अध्यक्ष सांगलीकडे, पैसे खात्यात आणि चूल बंद! सप्टेंबरच्या सभेतच गावात थांबणारा पालक सहीसाठी ठरवून ठराव लिहून घ्यायचा. सभा सकाळी 11 ला ठेवली तर बाया खुरपायला गेलेल्या असतात आणि रजिस्टर नंतर घरोघर फिरून अंगठे गोळा करतं. संध्याकाळी सातला, दिवेलागणीनंतर ठेवा.

जी मुलं जातात, त्यांच्याबरोबर शिक्षण हमी कार्ड द्यायचं: इयत्ता, वाचनाची पातळी, मूळ शाळा. कार्ड देणं सोपं, ते पोहोचणं अवघड. ते पत्र्याच्या पेटीत तळाशी जातं. शिवाय ‘कोल्हापूर जिल्हा’ एवढाच पत्ता काही कामाचा नाही, कारण ऊस संपला की टोळी हलते. आज कुठली टोळी कुठल्या गावच्या शिवारात आहे हे नेमकं माहीत असतं कारखान्याच्या चिटबॉयला. तोडीच्या चिठ्ठ्या तोच देतो. त्याचा आणि शेतकी विभागाचा फोन नंबर मिळवणं हे दहा कार्यशाळांहून मोलाचं. तिकडच्या शाळेत दाखल करताना दाखल्यासाठी अडवलं गेलं, तर कायदा सांगायचा: दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. टोळी कर्नाटकात गेली असेल तर जवळ मराठी शाळा आहे का ते आधी पाहायचं. नाहीतर कन्नड वर्गात मूल चार दिवस बसतं आणि पाचव्या दिवशी वाढ्याच्या (उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या) पेंढ्या बांधायला लागतं.

वाचनाच्या पातळीबद्दल थोडं सविस्तर, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. एका कागदावर अक्षरं, शब्द, सोपा परिच्छेद आणि गोष्ट. सुरुवात अक्षरांपासून नाही, परिच्छेदापासून करायची. जमला तर गोष्ट द्यायची, नाही जमला तर शब्द, तेही नाही तर अक्षरं. पाच शब्दांत चार बरोबर आले की ती पातळी मिळाली, अक्षरांनाही तेच. एकावेळी एक मूल, बाकीच्यांपासून लांब; नाहीतर मागून कुजबुज येते आणि पातळी कुजबुजणाऱ्याची मोजली जाते. ‘घ’ला ‘ध’ किंवा ‘भ’ला ‘म’ म्हटलं तरी तिथे दुरुस्त करायचं नाही, टिपून ठेवायचं. पाठ्यपुस्तकातला उतारा वापरू नये. मूल तो छतावर डोळे ठेवूनही म्हणतं. शंका आली तर मधल्याच एका शब्दावर बोट ठेवून ‘हा कोणता?’ विचारायचं. तांड्यावरच्या मुलांच्या घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतात, तिथे न वाचता येणं आणि शब्द ओळखीचा नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

फोटोंबद्दलही विचारतात. देणगीदारांना डोळ्यात पाणी असलेलं पोर हवं असतं. नियम असा की चेहरा, खरं नाव आणि गाव तिन्ही एकत्र कधीच द्यायचं नाही, पालकांची संमती त्यांना समजेल अशा मराठीत घ्यायची, आणि मुलाबरोबर एकट्या मोठ्या माणसाने बंद खोलीत बसायचं नाही, मग तो पाहुणा साहेब का असेना. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर संस्थेत बैठक घेऊन ‘आधी खातरजमा करू’ म्हणायची मुभा नाही. 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. 1098 हा मुलांच्या मदतीचा नंबर शाळेच्या भिंतीवर मुलांच्या उंचीवर लिहायचा, मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागे नव्हे.

मार्च-एप्रिलात टोळ्या परततात. तेव्हा मुलाला वयाप्रमाणेच वर्गात बसवायचं आणि राहिलेलं विशेष प्रशिक्षणात भरून काढायचं, हेही कायद्यातच आहे. दहा वर्षांच्या पोराला पहिलीत बसवलं की तो आठवडाभरात पळतो. मग जुलैची यादी पुन्हा काढायची आणि प्रत्येक नावापुढे तीनपैकी एक खूण करायची: गावात राहिलं, तिकडे शाळेत गेलं, कुठेच नाही. तिसऱ्या खुणेची घरं वेगळ्या कागदावर उतरवून ठेवायची. पुढच्या जुलैत पहिल्या दिवशी त्यांच्याच दारात जायचं असतं.