साडेचार एकरांतला तिसरा हिस्सा

तालुक्याच्या कोर्टातला वाटपाचा साधा दावा. दोन भाऊ, एक बहीण, वडिलोपार्जित साडेचार एकर. आई आधीच गेलेली, वडील १९९९ मध्ये वारलेले. बहीण माझी अशील. वयाने मोठी, म्हणून मी तिला मावशी म्हणायचे. सातबाऱ्यावर तिचं नाव इतर हक्कात सरकवलेलं होतं आणि जमीन भाऊ कसत होते.

२०१७ ला दावा लावला तेव्हा कायदा आमच्या बाजूने नव्हता. प्रकाश विरुद्ध फुलवती या २०१५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की हिंदू वारसा कायद्याची दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, ९ सप्टेंबर २००५ ला, वडील हयात असतील तरच मुलगी सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखीच जन्मापासून हक्कदार. महाराष्ट्राची १९९४ ची दुरुस्तीही कामाची नव्हती, कारण २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या मुली तिच्यातून वगळलेल्या, आणि मावशींचं लग्न १९८८ चं. म्हणजे वडील वारले तेव्हा बाप आणि दोन मुलगे यांच्यात वाटप झालं असं मानायचं, बापाच्या वाट्याला आलेल्या एक तृतीयांशाचे तीन भाग करायचे, त्यातला एक मावशींचा. साडेचार एकर म्हणजे एकशे ऐंशी गुंठे, त्यांत वीस. तरी मागणी मी पूर्ण तिसऱ्या हिश्श्याचीच केली. पुढच्याच वर्षी दानम्मा प्रकरणात २००१ मध्ये वारलेल्या बापाच्या मुलींना समान वाटा मिळाला आणि दोन निकाल एकमेकांसमोर उभे राहिले. कोणता लागू करायचा यावर आमच्या तारखा पडत राहिल्या.

उलटतपासणीत समोरच्या वकिलांनी ठरलेला प्रश्न विचारला. तुमच्या लग्नात वडिलांनी खर्च केला, दागिने घातले, हे खरं ना? मावशी म्हणाल्या, "खरं हाय. दोन्ही भावांच्या लग्नातबी केलाच की." पुढचा प्रश्न यायला जरा वेळ लागला.

११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाचा निकाल आला. मुलगी जन्मानेच सहदायाद, २००५ ला वडील जिवंत असण्याची अट नाही, हिस्से ठरवणारा प्राथमिक हुकूमनामा झाला असला तरी अंतिम हुकूमनाम्यापूर्वी तिला समान वाटा द्यावा लागेल. कोर्टाचं कामकाज सुरळीत झाल्यावर युक्तिवादाची तारीख लागली. निकालाची प्रत दाखल केली आणि सहदायादीचा वाद तिथेच मिटला. उरलं भावांचं वाटणीपत्र.

ते मी हातात घेऊन कोर्टाला दाखवलं. शंभराचा स्टॅम्पपेपर, २००३ ची तारीख, दोन्ही भावांच्या सह्या, दोन साक्षीदार. मावशींची सही नाही, नोंदणी नाही, त्यावरून झालेला एकही फेरफार नाही. कायद्याला २० डिसेंबर २००४ पूर्वीचं वाटप मान्य आहे, पण ते नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने झालेलं हवं. तोंडी वाटणीची सबब एरवी ऐकायचीच नाही, सरकारी कागदपत्रांचा पक्का आधार असेल तरच अपवाद, हेही त्याच निकालात आहे. हा भाग मला सहदायादीइतकाच मोलाचा वाटतो. तो नसता तर प्रत्येक घरात जुन्या तारखेचा एखादा कागद निघाला असता.

बाहेर व्हरांड्यात धाकटा भाऊ आला. "आक्का, अजून हक्कसोड कर. न्हाईतर भाऊबीजेला यायचं कसं?" मावशी म्हणाल्या, "मी येनार. दार उघडायचं तू बघ." भावाचं हे भाऊबीजेचं वाक्य ऐकून कितीतरी बायका माझ्यासमोर सही करून गेल्या आहेत. दुय्यम निबंधकासमोर अंगठा उठला की सर्वोच्च न्यायालयाचा निकालही त्यांच्या उपयोगाचा राहत नाही, म्हणून सहीआधी हिस्सा किती होतो ते मी प्रत्येकीला गुंठ्यांत सांगते.

दावा मंजूर झाला. एक तृतीयांश, म्हणजे साठ गुंठे. शेतजमीन असल्याने हुकूमनामा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे वाटपासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे गेला. मोजणी अजून व्हायची आहे. विहीर कोणाच्या वाट्याला येते, यावर आता भांडण आहे, आणि मावशींनी विहिरीतही तिसरा हिस्सा मागितला आहे.