उंदराकडे ठेवलेला दात

व्हॅन आणायला गावी गेलो ते दिवाळीच्या आदल्या आठवड्यात. पावसाळाभर ती खळ्यात उभी होती. जळगावच्या आमच्या सोसायटीत पार्किंगवरून काय चालतं ते सांगत बसत नाही, ज्याचं त्याला ठाऊक. तर जूनमध्ये गाडी यावल तालुक्यातल्या आमच्या गावी नेऊन लावली आणि पुतण्याला म्हटलं, आठवड्यातून एकदा चालू करत जा रे. तो "हो काका" म्हणाला. पुतणे "हो" म्हणतातच.

गाडी 2006 ची ओम्नी. हिंदी सिनेमा बघणाऱ्यांना वाटतं की सरकता दरवाजा माणसं पळवून नेण्यासाठीच केलाय. आमच्या ओम्नीनं वऱ्हाड नेलं, केळीची रोपं नेली, एकदा रात्री दोन वाजता भुसावळच्या दवाखान्यात बाळंतीण नेली. 1984 साली ही नुसती मारुती व्हॅन म्हणून रस्त्यावर आली, ओम्नी हे बारसं 1988 मधलं, आणि 2019 साली कंपनीनं ती बनवणं थांबवलं. तेव्हापासून घरचे मला "आता विका" म्हणतात आणि मी ऐकू न आल्यासारखं करतो.

दुपारचे अडीच वाजले होते. पुतण्यानं ट्रॅक्टरची बॅटरी आणून लावली, सेल्फ दोनदा कण्हला आणि गाडी चक्क सुरू झाली. मी डावा इंडिकेटर दिला. मागून पुतण्या ओरडला, "काका, मागचे दोन्ही लाल लाइट मिचकून राह्यले!" ब्रेक दाबला तर इंडिकेटर मंद पेटला. हॉर्न दाबला, तर काहीच नाही.

ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. सीट उचलली. इंजिनाच्या कडेला एक सुरेख घरटं होतं. खाली केळीचं वाळलेलं सोपट, त्यावर ढेपेच्या पोत्याचे सुटे केलेले धागे, आणि सगळ्यात वर पांढराशुभ्र कापूस, पिंजल्यासारखा. मध्ये लग्नपत्रिकेचा एक तुकडा. "आमच्या काकाच्या लग्नाला" एवढं कुरतडून गेलेलं आणि उरलेलं फक्त "यायचं हं!" गाडीच्या शेजारी पुतण्यानं ढेपेची पोती रचून ठेवली होती, म्हणजे जेवणखाण दारातच. वायरींची तर दशा बघवत नव्हती. प्लास्टिक सोलून नागडी तांब्याची तार, हातभर लांबीत, कुठे दोन तारा एकमेकींना टेकलेल्या, कुठे तुटून लोंबणाऱ्या.

गणपतीच्या वाहनानं माझं वाहन खाल्लं, हा विनोद त्या दिवशी घरातल्या तिघांनी आणि शेजारच्या एकानं केला. चौथ्यांदा मीही हसलो.

पण रात्री तिथेच झोपलो तेव्हा भिंतीतून बारीक कुरकुर ऐकू आली आणि पन्नास वर्षांपूर्वीची ती खोली डोळ्यांपुढे आली. भाव येईपर्यंत कापूस घरात ठेवायचा ही तेव्हा सगळ्यांचीच रीत. आमच्याकडे ओसरीलगतची खोली खालपासून आढ्यापर्यंत कापसानं भरायची. आम्ही पोरं माळ्यावरून त्यात उड्या मारायचो आणि मग रात्रभर अंग खाजवायचो. ती खाज ज्यानं भोगली नाही त्याला सांगून कळणार नाही. दिवे मालवले की कापसाच्या पोटात आवाज सुरू व्हायचा. सरकी फोडण्याचा. आधी एक टक्, मग थोडा वेळ काही नाही, मग पुन्हा टक्. मी "आजी, उंदीर" म्हटलं की अंधारातून तिचा हात तोंडावर यायचा. "नाव नको घेऊ रे त्याचं. ऐकून राह्यला तो." ती कायम "मामा" म्हणायची. नाव घेतलं की मामाला राग येतो आणि तो नेमकं नवं लुगडं शोधून कातरतो, असं तिचं पक्कं मत होतं. त्याला पुरावाही होता. धाकट्या काकानं एकदा उंदराला नाव घेऊन अस्सल शिव्या दिल्या, आणि आठच दिवसांत काकूच्या शालूचा पदर गेला. काकू त्यावरून काकाशी महिनाभर बोलली नव्हती.

जूनमध्ये गाडी लावताना मी पुतण्याला काय म्हणालो होतो ते मला तेव्हा आठवलं. "उंदरांकडे लक्ष ठेव."

दुसऱ्या दिवशी तापीचा पूल ओलांडून, हात बाहेर काढून वळण दाखवत, बिनहॉर्नची गाडी जळगावात आणली आणि अजिंठा चौफुलीजवळच्या एका वायरिंगवाल्याकडे घातली. पोरगा तिशीचा. त्यानं सीट उचलून आत बघितलं आणि विचारलं, "काय भो, गाडीत कापूस भरला व्हता का?" मग माझे पांढरे केस त्याच्या लक्षात आले आणि "काका" झालं.

त्यानं टेस्ट लॅम्प काढला, म्हणजे एक बारा व्होल्टचा बल्ब, एका वायरीला चिमटा आणि दुसरीला सुई. मागच्या लाल दिव्यांचं कोडं त्यानं आधी उलगडलं. "काका, डाव्या दिव्याला अर्थच नाही राह्यला." मी मराठी वाचणारा माणूस, जरा वेळ तसाच बघत राहिलो. मग त्यानं सांगितलं. गाडीत करंट बॅटरीतून वायरीनं जातो, पण परत येतो तो पत्र्यातून, बॉडीतून, कारण बॅटरीची मायनस बॉडीलाच बांधलेली असते. दिव्याची अर्थची वायर तुटली की करंटची परतायची वाट बंद. "मग तो काय थांबून राहतो का? शेजारच्या बल्बातून घुसून घरी जातो." म्हणून इंडिकेटर दिला की लाल दिवे मिचकत होते. आमच्या सोसायटीत एका विंगचं पाणी बंद झालं की दुसऱ्या विंगमध्ये बादल्या घेऊन जातात, तसंच.

दोन दिवस लागले. मी दोन्ही दिवस स्टूल टाकून बसलो. त्याला ते आवडत नव्हतं, पण चहा मी मागवत होतो. बॅटरीची मायनस सोडून जुनी टेप तो ब्लेडनं उभी चिरत गेला आणि एकेक वायर सुटी केली. नुसतं कुरतडलं तेवढंच कापून भागत नाही, तांब्यावर हिरवं चढलेलं असतं, ते आतपर्यंत गेलेलं असतं. आतली तार लाल चमकेपर्यंत कापत जायचं. मग तेवढ्याच जाडीचा तुकडा, आधी त्यावर स्लीव्ह, म्हणजे तापली की आवळणारी नळी, चढवून ठेवायची, मग पीळ, मग कथलाचा डाग, मग स्लीव्ह जोडावर सरकवून लायटरनं शेकायची. तिसऱ्या जोडाला तो स्लीव्ह चढवायची विसरला, डाग देऊन झाल्यावर लक्षात आलं, आणि त्यानं स्वतःलाच एक शिवी हासडली. अकरा जोड झाले. सगळे एका रेषेत घेतले नाहीत, एक पुढे तर दुसरा मागे, म्हणजे गाठही होत नाही आणि जोडाला जोड लागत नाही.

आमचं वाजलं ते रंगावरून. गाडीच्या मूळ वायरी दुरंगी असतात, पिवळीवर बारीक लाल रेघ, निळीवर पांढरी, असं. त्याच्याकडे लाल वायरीचं मोठं बंडल होतं आणि तो सगळीकडे लालच जोडत सुटला होता. मला ते सहन होईना. मी उठून दुकानातून पाच रंगांच्या वायरी आणल्या. "काका, वरून टेप येणार, कोण बघणार?" मी म्हटलं, मी बघितलंय ना. माझी आई पोलक्याच्या आतली शिवणसुद्धा त्याच रंगाच्या दोऱ्यानं घालायची आणि त्या दोऱ्यासाठी मला बाजारात दोनदा पिटाळायची. तेव्हा मी वैतागायचो. पोरानं वायरी घेतल्या, पण जाताना मजुरीत दोनशे जास्त लावले. बरोबरच होतं त्याचं.

निघताना म्हणाला, "डांबरगोळ्यांच्या पुड्या टाका सीटखाली. दात शिवशिवतात त्यांचे, काही ना काही चावणारच."

हे मात्र खरं आहे. उंदराचे पुढचे दात मरेपर्यंत वाढत राहतात. कशावर तरी घासून झिजवले नाहीत तर त्याला तोंडही मिटता येणार नाही. वायर त्याला भूक म्हणून नको असते. आणि मला एकदम आठवलं की माझा एक दात त्यांच्याकडे आहे. सहा-सात वर्षांचा असेन. पडलेला दुधाचा दात आजीनं माझ्याच हातानं त्या कापसाच्या खोलीतल्या बिळात टाकायला लावला होता. जुना घे, नवा दे, असं म्हणायचं. तेव्हा वाटलं, म्हातारीचं काहीतरी. आता बघावं तर ती अगदी योग्य गिऱ्हाइकाकडे गेली होती. दातांचा साठा कोणाकडे असेल तर त्याच्याकडेच. मिळालेला नवा दात थोडा वाकडा निघाला, आणि गेल्या वर्षी त्याचंच रूट कॅनॉल झालं, पण पन्नास वर्षं चालला, तक्रार करावी असं काही नाही.

पाडव्याच्या दिवशी कडबोळं चावताना नातीचा दात पडला. तिच्या शाळेत कोणीतरी सांगितलंय की उशीखाली ठेवला तर परी येते. मी तिला मामाचं सांगितलं. तिला मामाच जास्त पटला. पण चौथ्या मजल्यावर बीळ आणायचं कुठून? मग आम्ही दोघं खाली गेलो, व्हॅनची सीट उचलली. डांबरगोळ्यांचा वास भप्पकन आला. आजीच्या ट्रंकेचा वास. नवीन काळ्या टेपेच्या गुंडाळीशेजारी नातीनं दात ठेवला, कापसाच्या बोळ्यावर. मग तिनं पुड्यांकडे बघितलं.

"आजोबा, ह्या असल्या तर तो येईल कसा?"

मी एक पुडी काढून खिशात टाकली. एकच.