सपाट आहे गं, त्यात काय!

“सगळं सपाट आहे गं, हरिश्चंद्रगड थोडाच चढायचाय?” नवऱ्याच्या या एका वाक्यावर मी कॅटी ट्रेलला हो म्हटलं. तिसऱ्या दिवशी तेच वाक्य मी त्याला दर तासाला ऐकवत होते.

ही वाट अमेरिकेतल्या मिझुरी राज्यातली, सुमारे ३८५ किलोमीटर लांब. मिझुरी-कॅन्सस-टेक्सस रेल्वेचा हा जुना मार्ग. एमकेटी, त्यातल्या के-टीचं बोलीभाषेत ‘कॅटी’ झालं. १९८६ च्या पुरानं मिझुरी नदीच्या काठचा लोहमार्ग ठिकठिकाणी धुऊन नेला आणि इथली वाहतूक थांबली ती कायमची. मग रूळ काढले, बारीक चुनखडीची कच अंथरली आणि १९९० मध्ये पहिला तुकडा लोकांसाठी खुला झाला.

आम्ही सेंट लुइसहून सकाळची गाडी पकडली. गंमत अशी की नदीच्या दक्षिण काठावरून गाड्या अजून धावतात. मेलेली लाइन उत्तर काठावर. खिडकीतून हर्मन गाव मागे गेलं आणि पाऊण तासानं आम्ही जेफरसन सिटीला उतरलो. तिथून पूल ओलांडून पायी हर्मनला परत, असा तीन दिवसांचा बेत. पूल धरून सत्तर किलोमीटरच्या वर.

पहिले १२ मैल मजेत गेले. डावीकडे चुनखडीचे कडे, उजवीकडे कापणी झालेली मक्याची शेतं. नदी मात्र दिसेना! नदीकाठची वाट म्हणून आलेल्या माणसाची इथे थोडी फसगतच होते. बराच वेळ नदी शेतांपलीकडे, झाडांच्या रांगेआड असते. रात्री टेबेट्सच्या बंकहाउसमध्ये झोपलो. वाटसरूंच्या विश्वासावर चालणारी साधी जागा, अंघोळीला गरम पाणी. आणखी काय हवं?

दुसऱ्या दिवशी कळलं सपाट म्हणजे काय ते. गडावर चढताना पोटऱ्या भरतात, उतरताना गुडघे बोलतात, मधे कुठे हात टेकावे लागतात. शरीर आळीपाळीनं दमतं. इथे वीस मैल तेच पाऊल, तसंच, तिथेच. त्यात मैलाचे खांब. आकडे जुन्या रेल्वेच्या हिशोबाचे, आम्ही ते उलटे मोजत निघालेलो. १३१ वरून १११ पर्यंत. सरळ पट्ट्यावर पुढचं वळण दिसायचं आणि अर्ध्या तासानंही तिथंच असायचं.

मोकेनच्या पुढे डाव्या तळव्याला बोटांखाली चटका बसायला लागला. “थांबूया का?” नवऱ्यानं विचारलं. “पुढच्या खांबाला,” मी म्हटलं. असे चार खांब गेले. शेवटी लाकडी फळ्यांच्या एका छोट्या पुलावर बसून बूट काढला, तर आतून चमचाभर पांढरी पूड सांडली. मोजा ओला, त्यात ही कच. पॉलिश पेपरच झाला होता. रुपयाएवढा फोड. पाय पुसला, वाळवला, चिकटपट्टी लावली, कोरडे मोजे चढवले. पहिल्या खांबालाच थांबले असते तर पट्टीवरच भागलं असतं. त्यानंतर दर तासाला बूट झटकायचा नियम केला. शिवाय कडेच्या उताराऐवजी गाड्यांच्या चाकोरीतून चालले, पाऊल वाकडं पडायचं थांबलं. पाण्याचंही तसंच, प्रत्येक थांब्यावर नळ नसतो. दोघांत चार लिटर होतं म्हणून निभावलं.

पोर्टलंडपाशी मात्र नदी एकदम जवळ आली. रुंद, मातकट, ओंडके वाहून नेणारी. पलीकडच्या काठावरून मालगाडीची शिट्टी आली. आमच्या पायाखालची लाइन गप्प, समोरची धावतेय. दोघंही डबे संपेपर्यंत उभे राहिलो.

तिसऱ्या दिवशी ऱ्हाइनलँड लागलं. १९९३ च्या महापुरानंतर हे गाव टेकडीवर हलवलं. त्याच पुरानं ही नवी कोरी वाटही जागोजागी वाहून नेली होती. ती मात्र खाली जिथल्या तिथेच पुन्हा बांधली.

मॅकिट्रिकला वाट सोडली आणि हर्मनच्या पुलाकडे वळलो. पुलाचा तो जरासा चढ! तीन दिवसांत पोटऱ्यांना पहिल्यांदा काम मिळालं आणि मला चक्क बरं वाटलं. मी पुढे, नवरा मागे कठड्याला धरून.

“चढ आहे गं,” तो म्हणाला.