विठ्ठलाची वेलांटी आणि हायकू

मामांनी भंगारात घालायला काढलेला लॅपटॉप मी मागून आणला. दोन जीबी रॅम. विंडोज १० सुरू होईपर्यंत चहा टाकून, पिऊन, कप विसळून व्हायचा. मला त्यावर एकच काम करायचं होतं: आजोबांच्या भजनांच्या कॅसेटवरून उतरवलेल्या ६४ फाइली नीट लावायच्या. एखादं हलकं लिनक्स टाकलं असतं तर विषय तिथंच मिटला असता. पण हायकूची खाज जुनी होती.

हायकू म्हणजे विंडोज किंवा लिनक्ससारखीच संगणक चालवणारी प्रणाली, पण ती लिनक्स नव्हे. नव्वदच्या दशकात बीओएस नावाची एक देखणी प्रणाली होती. कंपनी बसली, २००१ मध्ये तिची मालमत्ता पाम या कंपनीने घेतली आणि त्याच वर्षी चाहत्यांनी ती प्रणाली नव्याने लिहायला घेतली. तीच हायकू. अजून लिहितायत. मी टाकली ती पाचवी बीटा, म्हणजे चाचणी आवृत्ती, सप्टेंबर २०२४ ची.

पेनड्राइव्हवरून बूट केलं. पडद्यावर चिन्हांची रांग एकेक करत उजळते, शेवटचं रॉकेट. रॉकेट उजळलं आणि पडदा काळाठिक्कर. तीनदा तेच. मग शिफ्ट दाबून ठेवून बूट मेनू उघडला, सेफ मोडच्या पर्यायांत साधा व्हिडिओ मोड निवडला, तेव्हा डेस्कटॉप दिसला. पण १०२४ बाय ७६८ चा, रुंद पडद्यावर ताणलेला. ताणलेला तर ताणलेला.

वायफायने मात्र दोन संध्याकाळी खाल्ल्या. हायकूचे वायफाय ड्रायव्हर, म्हणजे वायफायची चिप चालवणारे प्रोग्राम, बरेचसे फ्रीबीएसडी आणि ओपनबीएसडी या दुसऱ्या प्रणालींकडून आलेले. माझी चिप कुणालाच ओळखू येईना. शेवटी फोन यूएसबीने जोडून टेदरिंग चालू केलं, म्हणजे फोनचं नेट लॅपटॉपला दिलं. चटकन नेट आलं! हे आधी सुचलं असतं तर.

एवढं सोसण्याचं कारण म्हणजे हायकूची फाइल व्यवस्था. इथं फाइलीलाच गायक, अल्बम, वर्ष अशी माहिती चिकटवता येते आणि ती फोल्डरमध्ये रकान्यांसारखी दिसते. रकान्यात टिचकी मारा, लिहा, झालं. वेगळं सॉफ्टवेअर नको. नावं फोनवर टाइप करून आणली आणि चिकटवली. बघतो तर ‘विठ्ठल’ची वेलांटी ‘व’ ओलांडून पलीकडे गेलेली, ‘ठ्ठ’ फुटलेला, पाय मोडून उभा. फॉन्ट बदलून पाहिले, फरक नाही. दोष फॉन्टचा नव्हता. देवनागरीची जुळणीच फोल्डरच्या खिडकीत होत नव्हती. वाचता येत होतं म्हणून रेटलं.

मग मावशीला भजनं द्यायला सगळं साध्या पेनड्राइव्हवर उतरवलं आणि तिच्याकडे रकाने कोरे! ती माहिती हायकूच्याच फाइल व्यवस्थेत राहते, साध्या पेनड्राइव्हवरच्या फॅट नावाच्या फाइल व्यवस्थेत जाताना गळून पडते. उरलं काय, तर फाइलीचं नुसतं नाव, ‘कॅसेट ३ ब ०२’. दोन दिवसांची मेहनत. हे वाचलेलं होतं, तरी केलं.

आता तीच नावं फाइलीच्या नावांत घालतोय. हायकूत मोडकी दिसतात, मावशीच्या विंडोजवर सरळ, कारण आतली अक्षरं बरोबरच आहेत. २१ झाली. झाकण लावून उठायची मात्र सोय नाही, स्लीप चालतच नाही. जेवायला हाक आली की लॅपटॉप पुरता बंद करायचा. परत चालू व्हायला वीस सेकंदही लागत नाहीत, त्यामुळे घरात कुणाची कुरकुर नाही.