टॉवरला न दिसलेले विमान

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यातील ती दुपार होती. खानदेशातील आमच्या छोट्या विमानतळाच्या टॉवरमध्ये मी ड्यूटीवर होते. पारा 44 अंशांवर गेला होता आणि धावपट्टीवरची हवा थरथरताना दिसत होती. समोरच्या बोर्डवर दोनच स्ट्रिप, म्हणजे एकेका विमानाची माहिती लिहायच्या पट्ट्या, होत्या. एक नैर्ऋत्येकडून येणाऱ्या प्रवासी एटीआर विमानाची, तर दुसरी धुळ्याच्या बाजूने परतणाऱ्या सेसना 172 या लहान विमानाची. सेसनात एक प्रशिक्षणार्थी वैमानिक एकटाच होता आणि 3 वाजून 40 मिनिटांनी पोहोचतो, असे त्याने कळवले होते.

साडेतीनच्या सुमारास अग्निशमन गाडीवरच्या आमच्या अमळनेरच्या सहकाऱ्याने खालून फोन केला, "मॅडम, वावधन येई ऱ्हायनं." पश्चिमेकडे पाहिले, तर तापीच्या खोऱ्यातून मातकट भिंत सरकत येत होती. केळीच्या बागा आडव्या करणारे हे वादळ आम्ही लहानपणापासून पाहत आलो आहोत. पंधरा-वीस मिनिटांत ते डोक्यावर येते आणि बहुतेक वेळा तेवढ्याच वेळात ओसरते. मी एटीआरला 5,000 फुटांवर, विमानतळाच्या माथ्यावर घिरट्या घालत थांबण्यास सांगितले आणि सेसनाला स्थान विचारले.

"2,500 फूट, खाली नदी दिसते आहे, बहुधा गिरणा. विमानतळ अजून दिसत नाही, समोरच असावा," असे उत्तर आले. आवाज शांत होता, पण प्रत्येक शब्दामागे थोडा थांबत होता.

आमच्या टॉवरमध्ये रडारचा पडदा नाही. येथील काम प्रोसिजरल पद्धतीने चालते, म्हणजे वैमानिक स्थान, उंची आणि वेळ सांगतो, आम्ही ती स्ट्रिपवर लिहितो आणि त्या आकड्यांवरून आकाशाचे चित्र मनात उभे करतो. ही पद्धत जुनी आणि कसोटीला उतरलेली आहे, परंतु तिचा सगळा भार वैमानिकाने सांगितलेले स्थान खरे असण्यावर असतो. दूरच्या मोठ्या रडारचाही अशा वेळी उपयोग नसतो. मुंबई आणि नागपूर ही दोन्ही शहरे आमच्यापासून सरळ रेषेत साधारण 355 किलोमीटरवर आहेत. रडारची लहर सरळ जाते आणि पृथ्वीचा पृष्ठभाग मात्र वळत जातो, त्यामुळे इतक्या अंतरावरून आमच्या माथ्यावरचे विमान वीस हजार फुटांच्या वर असेल तरच दिसू शकते. 2,500 फुटांवरचा एकटा मुलगा त्या लहरींच्या कितीतरी खाली होता.

गिरणा आमच्या पश्चिमेला आहे. तो खरोखर तिच्यावर असता, तर दुर्बिणीतून मला दिसायला हवा होता. दिसत नव्हता.

एवढ्यात टीकॅस, म्हणजे आसपासची विमाने दाखवून टक्कर टाळण्यासाठी असलेली विमानातली यंत्रणा, पाहून एटीआरच्या कॅप्टननी स्वतःहून कळवले, "आमचे तोंड पूर्वेला आहे. टीकॅसवर एक विमान दिसते आहे, नाकाच्या थोडे डावीकडे, साधारण 13 मैल, आमच्या 2,500 फूट खाली."

मी ते वाक्य स्ट्रिपवर लिहिले आणि क्षणभर पेन तसेच धरून राहिले. पूर्वेला, म्हणजे भुसावळकडे. वादळाच्या पुढे धावणाऱ्या पश्चिमेच्या वाऱ्याने मुलाला धुरकटातून विमानतळावरून पलीकडे नेले होते आणि विमानतळ समोर आहे अशा समजुतीने तो आणखी पूर्वेला चालला होता. टीकॅसची दिशा अंदाजे असते आणि तिच्या आधारे विमानांमधले अंतर राखता येत नाही, म्हणून खात्री करून घेणे भाग होते. मी विचारले, "उंच चिमण्या दिसतात का?"

"हो, उजव्या बाजूला. धूर निघतो आहे."

ते दीपनगरचे औष्णिक वीज केंद्र होते आणि खालची नदी तापी होती.

विमानतळ तोवर धुळीत बुडाला होता, म्हणून त्याला लगेच परत वळवणे धोक्याचे होते. इंधन दीड तासाचे आहे, हे विचारून घेतले आणि चिमण्यांपासून दूर, नदीच्या उत्तरेला, उंची न सोडता गोल फिरत राहण्यास सांगितले. दर दोन मिनिटांनी मी त्याच्याशी बोलत होते. माहितीची गरज प्रत्येक वेळी नव्हती. त्याला आवाज ऐकू येत राहावा, एवढाच हेतू होता. वादळ बावीस मिनिटांत ओसरले. आधी एटीआर उतरले, मग सेसना.

टीकॅस म्हणजे काही जादू नव्हे. ते 1030 मेगाहर्ट्झवर प्रश्न विचारते आणि दुसऱ्या विमानाचा ट्रान्सपाँडर, म्हणजे आपोआप उत्तर देणारा संच, 1090 वर उत्तर देतो; जमिनीवरून असाच प्रश्न विचारणारे दुय्यम रडारही याच दोन लहरींवर चालते. आकाशातल्या प्रवासी विमानाला जे दिसत होते, ते जमिनीवर जबाबदारी घेऊन बसलेल्या मला दिसत नव्हते, ही गोष्ट मला अजून अस्वस्थ करते. प्रत्येक लहान विमानतळावर फिरणारे मोठे रडार बसवावे, असे माझे म्हणणे नाही. एडीएस-बी असलेले विमान उपग्रहावरून मिळालेले आपले स्थान स्वतःच प्रसारित करते आणि ते टिपणारे केंद्र रडारच्या तुलनेत फार स्वस्त पडते. ज्या जुन्या विमानांत ती सोय नाही, त्यांच्यासाठी परिसरात चार-पाच ठिकाणी लहरी टिपणारे रिसीव्हर ठेवून, ट्रान्सपाँडरचे उत्तर प्रत्येकाकडे पोहोचण्याच्या वेळेतील फरकावरून स्थान काढता येते. सातपुडा आणि अजिंठ्याच्या डोंगररांगांमधल्या या सखल पट्ट्यात, जिथे प्रवासी विमाने आणि शिकाऊ वैमानिक एकाच आकाशात असतात, तिथे हे आधी व्हायला हवे.

संध्याकाळी मी अहवाल लिहिला. विमानाचे स्थान कसे निश्चित केले, या मुद्द्यापुढे मी लिहिले: दुसऱ्या विमानाच्या कॅप्टननी सांगितले; चिमण्यांवरून खात्री केली.